पोटुशाचं पाणी

आमच्या घरात डोहाळजेवण झालं ते एकदाच, आणि तेही एका नराचं.

माझं झालं नव्हतं. मुलीच्या वेळी आम्ही या देशात अगदी नवे होतो. सासर अलिबागला, माहेर साताऱ्याला, आणि मेडनहेडच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवणार कोण? नवरा ऑफिसातून येताना केक घेऊन आला, झालं डोहाळजेवण. तर माझं जे राहून गेलं ते सासूबाईंनी नात नोकरीला लागल्यावर पुरं केलं, आमच्या डायनिंग रूममध्ये, फिशटँकसमोर रांगोळी काढून, एका बोटभर समुद्रघोड्यासाठी. हसायचं असेल तर हसा. आम्हीही हसलो होतो. नवरासुद्धा हसला होता, आणि ते मी मुद्दाम सांगतेय, कारण त्याआधी दोन वर्षं मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलेलं नाही.

नवरा इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, बरीच वर्षं. मग रिस्ट्रक्चरिंग आलं. एका सकाळी मीटिंगला म्हणून आत गेला तो लॅपटॉप देऊनच बाहेर आला. सुरुवातीला त्याने अर्ज केले, टाय लावून स्क्रीनसमोर इंटरव्ह्यू दिले. मग टाय सुटला, मग दाढी वाढली, मग तो अंथरुणातून उठेनासा झाला. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, गोळ्या दिल्या. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला आहे. सकाळी निघताना त्याच्या उशाशी चहा ठेवायची आणि संध्याकाळी साय धरलेला तोच कप उचलून सिंकमध्ये ओतायची. अशा माणसाची दया येते म्हणतात. येते ना. पण खरं सांगू का, आधी राग येतो. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पाठीशी भांडता येत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

टँकची कल्पना मुलीची. ती लंडनला नोकरी करते, इल्फर्डला मैत्रिणींबरोबर राहते, आणि जन्मच इथला असल्यामुळे तिच्या मराठीत पुल्लिंग-स्त्रीलिंग कुठेही पडतं. ‘आई, माझा ट्रेन लेट झाली.’ ‘बाबा, तुझी शर्ट इस्त्री केला का?’ आम्ही सुधारायचं कधीच सोडून दिलंय. तर तिला बापाची एक गोष्ट ठाऊक होती. तो लहान असताना अलिबागच्या किनाऱ्यावर जाळी झटकणाऱ्या एका कोळणीने त्याला वाळलेला समुद्रघोडा दिला होता, आणि तो त्याने शाळा संपेपर्यंत कंपासपेटीत जपला होता. एवढ्या धाग्यावर पोरीने ऑफिसातल्या कोणाचा तरी जुना टँक व्हॅनमध्ये घालून आणला. बापाला म्हणाली, जिवंत घोडे मिळतात, इथेच ब्रीड केलेले, पण आधी समुद्राचं पाणी तयार करावं लागतं आणि मला ते येत नाही.

मी कपाळाला हात लावला. घरात एक माणूस सांभाळून होत नाही, त्यात ही नसती उठाठेव. पण दोन-चार दिवसांनी मी कामावरून आले तर नवरा डायनिंग रूममध्ये जमिनीवर बसून पंपाच्या सूचना वाचत होता. पायजम्यातच होता, पण जिना उतरून खाली आला होता.

समुद्राचं पाणी घरी करायचं म्हणजे नळाच्या पाण्यात मूठभर मीठ टाकून भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. सिंकखाली फिल्टर बसवायचा, त्यातून थेंबथेंब येणारं पाणी प्लास्टिकच्या पांढऱ्या कॅनमध्ये साठवायचं, त्यात त्याचं वेगळं मिळणारं मीठ मोजून घालायचं आणि मग एकही मासा न घालता ते कितीतरी आठवडे नुसतं फिरवत ठेवायचं. शिवाय रोज थोडं पाणी हवेत उडतं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. म्हणून जेवढं कमी झालं तेवढं फिल्टरचं गोडं पाणी रोज सकाळी वरून घालायचं. नवऱ्याने काचेवर निळ्या टेपची एक रेघ चिकटवली होती. पाणी त्या रेघेला पाहिजे. वर नको, खाली नको.

मग स्लाउच्या पलीकडच्या एका दुकानातून जोडी आली. नर पिवळसर, मादी तपकिरी. आत एक लाल दोरी सोडलेली होती, तिला शेपटीचा वेढा घालून दोघं उभी राहायची. सकाळी दिवा लागला की मादी दोरीपाशी यायची, नर रंग बदलायचा, फिकट व्हायचा, आणि दोघं शेपट्या गुंतवून थोडं वर-खाली तरंगायची. नवरा म्हणाला, हा त्यांचा रोजचा नमस्कार आहे. आमच्यात तेव्हा तेवढाही नव्हता.

या प्राण्याला पोट नसतं. म्हणजे अन्न साठवायला आत जागाच नाही, खाल्लेलं सरळ पुढे जातं. म्हणून त्यांना दिवसातून तीनदा-चारदा भरवावं लागतं, गोठवलेली बारीक कोळंबी वितळवून, रबरी पिचकारीने अगदी तोंडापुढे नेऊन. वेळ चुकवली की ते खंगतात. आणि म्हणून नवरा उठायला लागला. सकाळी उठला, दुपारी उठला, मग परत जाऊन झोपण्यात अर्थ नाही म्हणून खालीच राहायला लागला. एक दिवस मी आले तर वरण-भात शिजलेला होता. मला त्या घोड्यांशी काही घेणं-देणं नव्हतं, हे मी स्पष्टच सांगते. ते जगले तर हा जगेल, एवढंच मला समजत होतं, आणि माझा जीव त्या टेपच्या रेघेवर टांगलेला होता.

सासूबाई आल्या त्या वसंतात, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. एरवी त्या अलिबागला माझ्या थोरल्या दिरांकडे असतात. धाकट्याचं मन थाऱ्यावर नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण आईला काय सांगावं लागतं. हीथ्रोवर व्हीलचेअरमधून बाहेर आल्या तेव्हा मांडीवर तांब्याची कळशी होती. सबंध प्रवासात ती त्यांनी कोणाच्या हातात दिली नव्हती. आत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि सोड्यांची पुडी. घरी आल्या आल्या ती रिकामी केली, चिंच लावून लखलखीत घासली आणि पाणी भरून ओट्यावर ठेवली. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी सकाळी प्यायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. आमच्या प्लास्टिकच्या बाटल्या पाहून त्यांनी नाक मुरडलं. म्हणाल्या, हे मेलेलं पाणी, अशाने माणूस झोपून राहील नाहीतर काय. मी म्हटलं बरं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघंही मुकाट्याने कळशीतलं पाणी प्यायला लागलो.

टँकपाशी मात्र त्या रमल्या. खुर्ची ओढून समोरच बसायच्या. कोळंबी वितळताना पाहून म्हणाल्या, अगं हा तर जवळा, याची चटणी करायची सोडून घोड्यांना काय घालता. पण मुलगा भरवायला लागला की एकही घास वाया गेलेला त्यांना खपायचा नाही. ‘त्या कोपऱ्यात एक पडला बघ.’ आईला दाखवायचं म्हणून नवरा जास्त बोलायचा. मी स्वयंपाकघरातून त्या दोघांचे आवाज ऐकत कांदा चिरायची, आणि कांद्याचं निमित्त बरं पडायचं.

मग एका सकाळी त्याने जाहीर केलं की नराच्या पोटाची पिशवी फुगली आहे. या जातीत मादी अंडी नराच्या पिशवीत घालते आणि वाढवायची जबाबदारी त्याची. सासूबाईंना पटेना. नेमका मुलीचा फोन आला, ती स्पीकरवरून म्हणाली, ‘सिरियसली आजी, तो प्रेग्नंट आहे.’ आजी लगेच म्हणाल्या, ‘तो नाही गं, ती.’ जन्मात पहिल्यांदा पोरीचं लिंग बरोबर आलं होतं आणि आजीने नेमकं तेच सुधारलं. पटल्यावर मात्र त्यांनी नातीवर कडी केली. बाई पोटुशी असते, मग हा कोण? हा पोटुशा. मराठीत असा शब्द नाही, त्यांनी तो तिथल्या तिथे पाडला, आणि त्या दिवसापासून पिवळ्या घोड्याचं नाव पोटुशा पडलं. फक्त एक शंका त्यांना छळायची. पोट नाही म्हणता, मग हा पोटुशा कसा?

डोहाळजेवण करायचंच, असं ठरलं. आम्ही दोघी ट्रेन बदलत वेम्बलीला गेलो आणि ईलिंग रोडवरून पेढे, बर्फी, हिरव्या बांगड्या आणि गजरे घेऊन आलो. बांगड्या टँकमध्ये सोडायचा त्यांचा बेत होता, पण नवऱ्याने हात धरला. ‘आई, आत काही नाही घालायचं. आत फक्त पाणी.’ त्यांनी मान डोलावली आणि बांगड्या टँकच्या कडेला ठेवल्या. ते वाक्य त्यांनी मनावर घेतलं होतं, हे नंतर कळलं.

रांगोळी काढली, दिवा लावला, काचेला हळदकुंकू लावलं. दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आता घोडा वाटी कशी उचलणार? त्याच्या वतीने नवऱ्याला बसवलं, गजरा टँकला आणि मनगटावर दुसरा गजरा नवऱ्याला. त्याने वाटी उचलली, बर्फी. सासूबाई टाळी वाजवून म्हणाल्या मुलगी. तो म्हणाला, आई, शेकड्याने होतात. त्यांनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाल्या, मग शंभर बारशी मला या वयात झेपायची नाहीत, बाई. आणि तो हसायला लागला. पाटावर बसल्या बसल्या, मनगटावर गजरा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला. मी देवाला हात जोडले. जोडले ते जोडले, काय उपयोग.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या जुन्या ऑफिसातल्या एका मित्राचा फोन आला. लीड्सला एका ठिकाणी चार दिवसांचं काम होतं, आवडलं तर पुढे कॉन्ट्रॅक्ट. माझा विश्वास बसेना, पण त्याने हो म्हटलं. दाढी केली, शर्टाला इस्त्री केली, स्वतःहून. घोड्यांची काळजी मात्र त्याला खात होती. भरवायचं काम मुलीने रजा घेऊन आपल्याकडे घेतलं. सकाळचं वरचं पाणी सासूबाईंनी मागून घेतलं. म्हणाल्या, एवढं तर मला जमेल, रेघ मला दिसते. त्याने कॅन दाखवला, पाणी ओतायचा मग दाखवला, रेघ दाखवली, आणि परत एकदा सांगितलं की यातलंच पाणी, बाकी आत काही नाही. त्या चिडल्या. ‘मला काय एकदा सांगून कळत नाही?’

तो परत आला तो खुशीत. दारातूनच म्हणाला की काम आवडलंय त्यांना, सोमवारी फोन करणार आहेत. अंगातला कोटही न काढता टँककडे गेला. मी मागोमाग. काच स्वच्छ ठेवायला आत छोट्या गोगलगायी सोडलेल्या असतात. त्या सगळ्या खाली वाळूत उलट्या पडल्या होत्या. मुलगी म्हणाली, कालपासून त्या झोपलेत, मला वाटलं ते नॉर्मल असेल. घोडे दोरीला होते, पण नर भराभर श्वास घेत होता आणि त्याने डोळे फिरवून बघितलंही नाही.

नवऱ्याने टँक पाहिला, पंप पाहिला, मग स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर कळशी, चिंचेने घासलेली, चकाकणारी, वर ताटली झाकलेली. त्याने ताटली उचलून आत बघितलं.

‘आई, वरचं पाणी कशातलं घातलंस?’

‘तुझ्याच कॅनमधलं,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त आदल्या रात्री कळशीत भरून ठेवायचे. पोटुशा आहे ना तो. त्याला कशाला ते प्लास्टिकचं पाणी?’

त्याने ताटली परत कळशीवर झाकली. त्या वर बघत होत्या, शाबासकीची वाट बघतात तशा.

‘बरं केलंस, आई,’ तो म्हणाला.

मग मला म्हणाला की कचऱ्याचे बिन बाहेर काढायचे आहेत, जरा चल. मागच्या अंगणात बिनपाशी उभं राहून त्याने मला हळू आवाजात सांगितलं. तांबं. आपण पितो, आपल्याला काही होत नाही. पण गोगलगायींना, कोळंबीला तांबं म्हणजे विष, आणि या घोड्यांनाही फार नाही सोसत. त्यात फिल्टरचं पाणी इतकं शुद्ध असतं की ते भांड्याचं तांबं ओढून घेतं, आणि कळशी रोज घासलेली, म्हणजे आणखीच. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते त्यांना, एवढं घोकून घेतलं होतंस, चार दिवस ऐकता येत नाही? त्याने माझा दंड धरला. इतका घट्ट की वळ उठला.

‘ऐकलंच तिने,’ तो म्हणाला. ‘मी म्हटलं फक्त पाणी. तिने पाणीच घातलं. तिला येईल तितकं चांगलं.’ मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘ती आता पुन्हा काही इथे येणार नाही. हे मनावर घेऊन जाऊ दे का तिला?’

मी दंड सोडवून घेतला आणि रिकामाच बिन ढकलत रस्त्यावर नेऊन ठेवला.

पुढचे दिवस त्याने जे करता येतं ते सगळं केलं. पाणी बदललं, कोळसा घातला, तांबं शोषणाऱ्या पिशव्या घातल्या. सासूबाई खुर्चीत बसून म्हणायच्या, किती करतोय बाळ त्या जिवांचं. सोमवारी लीड्सचा फोन आला. फोन टेबलावर होता, तो समोर बसला होता. वाजून वाजून थांबेपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला आणि मग पिचकारी घेऊन टँककडे गेला. मी ओरडले. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या म्हणून बरं. तो शांतपणे म्हणाला, ‘मी घरात असतो तर हे झालं नसतं.’ त्यावर मी त्याला कितीतरी सांगितलं, की चार दिवस कामाला जाणं म्हणजे गुन्हा नाही, की असं कोणाच्याही घरी होऊ शकतं. ते माझं मलाच ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी पोटुशाने पिल्लं सोडली, वेळेच्या आधी. शेवयांच्या चुऱ्याएवढी. पाण्यात पसरली आणि तशीच पसरून राहिली, एकही हललं नाही. तो स्वतः दुपारपर्यंत होता. दोरीवरची शेपटी सैल झाली आणि तो वाळूवर आडवा झाला, आडवा झालेला समुद्रघोडा मी पहिल्यांदाच पाहिला. मादी दुसऱ्या दिवशी दिवा लागल्यावर दोरीपाशी आली. तिथे थांबली. तिच्या तोंडापुढे जवळा नेला तरी तिने घेतला नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आठवडाभरात तीही गेली. नवऱ्याने त्यांना अंगणातल्या गुलाबाखाली पुरलं. कंपासपेटीत ठेवायला वाळवतात कसं, हे त्याला आता माहीत होतं, पण त्याने ते केलं नाही.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. रिकामा टँक त्यांना दिसणारच. तो म्हणाला, दुकानवाल्यांनी नेलंय दोघांना, पिल्लं सांभाळायला त्यांच्याकडे सोय आहे. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

‘म्हणजे बाळंतपणाला माहेरी पाठवलास होय? शहाणा आहेस.’

बस. आता यापुढे कोण काय खरं सांगणार? त्या जाईपर्यंत रोज विचारायच्या, बातमी आली का माहेरची, आणि तो रोज काहीतरी सांगायचा. पिल्लं झाली म्हणाला. सुखरूप आहेत म्हणाला. त्यांनी रव्याचे लाडू केले आणि दुकानवाल्यांना नेऊन द्यायला लावले. ते लाडू मी डेंटिस्टकडे नेऊन वाटले. व्हिसा संपत आला, हीथ्रोवर त्यांनी मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि कळशी मागे ठेवून गेल्या. पोटुशासाठी.

त्या गेल्या त्या दुपारीच तो वर जाऊन झोपला.

पुन्हा तेच. चहा, साय, सिंक. पण रविवारी मात्र तो उठायचा, कारण रविवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल असायचा. तेवढ्यासाठी आंघोळ करायचा, स्वच्छ शर्ट घालायचा, खाली येऊन टँकसमोर बसायचा. टँकचा पंप चालू, दिवा चालू, पाणी रेघेला, आत लाल दोरी आणि बाकी काही नाही. घोडे माहेरून परत आले असं त्याने आईला सांगितलं होतं, म्हणून तो फोन दोरीसमोर धरायचा. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिकडे नेटवर्कचा खेळखंडोबा, त्या डोळे बारीक करून म्हणायच्या, ‘दिसला, दिसला. शेपटी गुंडाळून बसलाय बघ लबाड.’ आणि फोन ठेवायच्या आधी दर वेळी एकच प्रश्न.

‘तांब्याचं पाणी घालतोस ना रे?’

‘घालतो, आई.’

मुलगी म्हणाली, असं खोटं बोलत राहणं हेल्दी नाही, आजीला खरं सांगा. मी तिला फाडकन म्हटलं, तुझा बाप आठवड्यातून एकदा आंघोळ करतो ती या खोट्यासाठी, तुझ्याकडे दुसरं काही असेल तर घेऊन ये. ती रडली. मग मलाही वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही, कारण खोटं काय बोलले मी?

असे महिने गेले. दिरांनी फोनवर कानावर घातलं होतं की आईचं हल्ली विसरणं वाढलंय, देवाला दोनदा फुलं वाहते, नातवाला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारते. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

त्या रविवारी तो नेहमीसारखा खाली आला. निळा शर्ट होता. मी पोहे परतत होते, दार उघडं होतं. फोन दोरीसमोर धरून तो म्हणाला, ‘आई, घोडे बघतेस ना?’

‘कसले घोडे?’

त्याला वाटलं दिसत नसेल. फोन आणखी जवळ नेला. म्हणाला, अगं पोटुशा. तू नाव ठेवलंस. डोहाळजेवण केलंस त्याचं, बर्फी निघाली होती. त्या हसल्या, परक्या माणसाच्या थट्टेला भिडस्तपणे हसावं तशा. म्हणाल्या, घोड्याचं कोणी डोहाळजेवण करतं का?

मी गॅस बंद केला. त्याने फोन दोरीसमोरून काढला आणि स्वतःसमोर धरला. मग अगदी सरळ आवाजात म्हणाला, ‘होते आई, आमच्याकडे घोडे. मेले ते.’

‘अरेरे,’ त्या कळवळल्या. आवाज अगदी जुना, ओळखीचा. ‘कशाने रे?’

‘पाणी बिघडलं.’

‘बिघडणारच. प्लास्टिकचं घातलं असशील.’ त्यांनी चुक् केलं. ‘तांब्याच्या कळशीतलं घालायचं होतंस रे बाळ. मी असते तर घातलं असतं.’

मी दारात उभी होते. मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

‘हो आई,’ तो म्हणाला. ‘चुकलंच माझं.’

फोन माझ्या हातात देऊन तो वर गेला. पोहे त्याने खाल्ले नाहीत. पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी जिन्याच्या तळाशी उभी राहून हाक मारली, म्हटलं आईचा फोन आहे, ये रे खाली. वरून आवाज आला.

‘तूच बोल.’